शहराला रोज पाणी, लिंक खाली

पाटबंधारे खात्यात मी एकतीस वर्षं अनुरेखक होतो. अनुरेखक म्हणजे इंजिनिअरनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्याच रेषा पुन्हा गिरवणारा माणूस. धरण कुठं बांधायचं, पाणी कुणाला सोडायचं, हे मला कुणी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगताही आलं नसतं. निवृत्तीनंतर एका मित्रानं मला शहरातल्या बातम्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं आणि माझी ओळख करून देताना लिहिलं, "सर पाटबंधारे खात्यात होते." झालं. त्या दिवसापासून पाण्याच्या प्रश्नावर त्या ग्रुपमध्ये माझा शब्द शेवटचा ठरला.

आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो, कधी त्याहूनही उशिरा. त्यामुळं पाण्याच्या बातमीला या शहरात मरण नाही. सकाळी चहाचा कप हातात आला की मी फोन उघडायचो. मथळा चांगला दिसला की लिंक उचलायची, वर आपल्या हातानं एक खणखणीत ओळ लिहायची आणि ग्रुपवर सोडून द्यायची. आत काय लिहिलंय ते वाचायला वेळ नव्हता, असं मी म्हणायचो. वेळ भरपूर होता. पण मथळ्यावरून मला आतलं सगळं कळतं, अशी माझी स्वतःविषयी समजूत होती.

ग्रुपवर तसा मी एकटाच नव्हतो. बातमी कुठलीही असो, पहिली पाच-सहा माणसं तिच्यात शहराचं नाव जुनं लिहिलंय की नवं, एवढ्यावरच जुंपायची. त्यांचं आटपलं की कोण श्रेय घेणार यावर दुसरी फळी उतरायची. मग मी सावकाश शेवटचं बोलायचो.

या सगळ्यात एकच माणूस मला काट्यासारखा सलायचा. छावणीत फौजींच्या वर्द्या शिवणारा एक टेलर. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. फोटोच्या जागी त्यानं शिलाई मशीनचा फोटो लावलेला. मी कुठलीही लिंक टाकली की अर्ध्या तासानं त्याची कॉमेंट यायची, "जनाब, पूरी पढ़ी क्या? आत तर उलटं लिहिलंय." आणि आत खरंच उलटं लिहिलेलं असायचं.

एकदा मी घाईघाईनं लिहिलं, "क्रांती चौकातला पूल तीन दिवस बंद, कृपया नोंद घ्यावी." लोकांनी धन्यवादाचे हात जोडले. टेलर म्हणाला, "साहब, ही बातमी दोन वर्षांपूर्वीची आहे. मी आत्ताच त्या पुलावरनं आलो." ग्रुपवर हसणारी तोंडं पडली. मी त्याला ब्लॉक केलं. ग्रुपमधलं त्याचं लिहिणं दिसायचंच, पण निदान मला फोन करून किंवा खासगीत लिहून तो छळणार नव्हता. त्यानं तसं कधी केलेलंही नव्हतं. तरीही ब्लॉक केलं.

त्याच सुमारास माझ्या तळपायाला एक जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. मला तहानही फार लागायची. बायको रोज मागं लागायची, "दीड महिना झाला, पायाची जखम भरंना. तुमी रक्त तपासा." मी म्हणायचो, उन्हाळा आहे, तहान लागणारच. शेवटी एक दिवस तिनं मला नाश्ता दिलाच नाही आणि उपाशीपोटी लॅबमध्ये नेऊन बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबकडून मेसेज आला: तुमचा रिपोर्ट तयार आहे, पाहण्यासाठी लिंक उघडा. मी ती उघडली नाही. आमची मुलगी लासूर स्टेशनला दिलेली आहे, सासरी अडतीचं दुकान आहे. तिनं बजावून ठेवलं होतं, "बाबा, रिपोर्ट आला की आधी मला पाठवा." म्हणून मी लॅबची लिंक उचलली. तेवढ्यात एका पोर्टलवर मथळा दिसला, शहराला लवकरच रोज पाणी. असला मथळा सोडवतो होय! तीही लिंक उचलली. मुलीला लिहिलं, "रिपोर्ट आला. काळजीचं काही कारण नाही." ग्रुपवर लिहिलं, "अखेर! शहराला आता रोज पाणी. लिंक खाली. जरूर वाचा." आणि या गडबडीत रोज पाण्याची बातमी गेली लासूरला, आणि माझ्या रक्ताचा रिपोर्ट गेला ग्रुपवर.

मुलीचा अंगठा आला. मी बायकोला सांगितलं, "तिनं बघितला. ठीक आहे म्हणाली."

ग्रुपवर मात्र धुमाळी उडाली होती. एकानं पाणी आणल्याबद्दल एका पुढाऱ्याचं अभिनंदन केलं. दुसऱ्यानं सांगितलं की योजना मुळात आधीच्यांची होती. तिसऱ्यानं लिहिलं, ही बातमी सकाळीच वाचली, साफ खोटी आहे. एक निवृत्त प्राध्यापक सहसा मोजकंच लिहायचे. त्यांनी लिहिलं, "लेख सविस्तर वाचला. आकडे बोलके आहेत. लेखकाचा अभ्यास जाणवतो." एका बाईंनी विचारलं, आमच्या भागात कधीपासून? मी त्यांना जलकुंभाची उंची, पाण्याचा दाब, व्हॉल्व्हची जागा असं बरंच काही समजावून सांगितलं. दुपारपर्यंत साठेक कॉमेंट झाल्या. इतक्या मला आजवर पडल्या नव्हत्या. मी समाधानानं आडवा झालो.

चारच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"हॅलो, साहब? मी छावणीतून टेलर बोलतोय. तुम्ही मला ब्लॉक केलंय ना, म्हणून सुनेच्या फोनवरनं लावला."

"बोला," मी शक्य तितक्या कोरडेपणानं म्हणालो.

"साहब, तुम्हाला शुगर किती दिवसांपासून आहे?"

"मला शुगर नाही."

"है ना. लिंकमध्ये लिहिलंय."

"कुठल्या लिंकमध्ये?"

"पाण्याच्या."

मला वाटलं, हा माझी टर उडवतोय. मी चिडून म्हणालो, "रोज पाणी येण्याचा आणि शुगरचा काय संबंध?"

"मैं भी वही सोच रहा हूँ सकाळपासून," तो म्हणाला. "दोनदा वाचलं. वरती तुमचं नाव आहे, वय आहे. उपाशीपोटीची दोनशे ऐंशी, लाल अक्षरात. पाण्याचं त्यात काहीच नाही, साहब. पहिल्यांदा ते ग्रुपवरनं मिटवा. मी तिथं काही बोललो नाही. आदमी की इज्जत का सवाल है. आणि आजच डॉक्टरकडं जा. दोनशे ऐंशी थोडी नाही होत."

फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी टाकलेली लिंक मी उघडली. लाल अक्षरं तिथं होती. साठेक कॉमेंटींतून लोकांनी माझ्या साखरेवर मतं दिली होती, भांडणं केली होती, एकानं तर माझा अभ्यास वाखाणला होता, आणि ती साखर बघितली होती एकानंच. त्याला मी ब्लॉक केलेलं होतं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही, हे मला जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "मंग पोरीनं काय बघितलं?"

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, मी उघडलीच नव्हती. तुम्ही लिहिलं होतं ना काळजीचं कारण नाही, म्हणून अंगठा टाकला. दुकानात गर्दी होती." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती आली. डॉक्टरांसमोर माझ्याआधी तीच खुर्चीवर बसली आणि रिपोर्टचा एकेक आकडा तिनं विचारून घेतला. परत येताना रिक्षात माझा हात धरून बसली होती. मला ओरडायचं सोडून स्वतःवरच चिडत होती, आणि तिला समजवावं असं तोंड माझ्याकडं नव्हतं.

इकडं ग्रुपवर मी ती लिंक सगळ्यांसाठी डिलीट केली होती. मला वाटलं, विषय संपला. पण त्या जागी 'हा मेसेज डिलीट केला आहे' असं आलं आणि लोक जागे झाले. का काढली? कुणी काढायला लावली? सरांवर दबाव आला आहे का? ज्यानं सकाळी बातमी साफ खोटी म्हटली होती, तोच आता लिहीत होता, सत्य झोंबतं तेव्हा असंच होतं. एकानं जाहीर केलं, माझ्याकडं त्या बातमीचा स्क्रीनशॉट आहे, वेळ आली की बाहेर काढीन. पण त्याच्याकडं काहीच नव्हतं, नुसतं बोलणं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रुपमधले दोघंजण घरी आले आणि मला म्हणाले, "सर, घाबरू नका. आम्ही पाठीशी आहोत."

मी म्हणालो, "अहो, ती बातमी नव्हतीच. माझा रक्ताचा रिपोर्ट होता."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "समजलं, सर," त्यातला मोठा हळूच म्हणाला. "तुम्हाला जे सांगायला लावलंय ते तुम्ही सांगताय." चहा न घेता दोघं उठले. जाताना त्यांनी माझे हात हातात घेतले.

तेव्हा मी ठरवलं, सगळ्यांसमोर खरं काय ते लिहून टाकायचं. दोन तास बसून लिहिलं. लिंकांची अदलाबदल कशी झाली, मी मथळ्यापलीकडं कधी काही वाचत नव्हतो, पाण्यातलं मला काहीच कळत नाही, मी फक्त रेषा गिरवायचो, सगळं सगळं. साखरेचा आकडाही लिहिला. आणि पाठवून दिलं. मजकूर लांब होता, त्यामुळं वरच्या चार ओळी दिसत होत्या आणि खाली 'अधिक वाचा'. वरच्या चार ओळींत ग्रुपवरच्या सर्वांना नमस्कार आणि गेले दोन दिवस दिलेल्या पाठिंब्याबद्दल आभार होते.

उत्तरं भराभर आली. "अभिनंदन सर!" "नेहमीप्रमाणे परखड." "प्रत्येकानं वाचावं असं." निवृत्त प्राध्यापकांनी लिहिलं, "भाषा ओघवती आहे." त्या बाईंनी पुन्हा विचारलं, आमच्या भागात कधीपासून?

रात्रीच्या जेवणाआधी टेलरचा मेसेज आला. तोवर मी त्याला अनब्लॉक केलेलं होतं. "साहब, पूरा पढ़ा. अच्छा लिखा. एक चूक आहे. तुम्ही दोनशे अठ्ठावीस लिहिलंय. दोनशे ऐंशी होती."

चूक नव्हती ती. कबुली देतानाही मी बावन्न कमी करून दिली होती.

पंधरा दिवसांनी मी छावणीत त्यांच्या दुकानी गेलो. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे, बारीक अंगाचे, गळ्यात टेप. सगळे त्यांना मास्टर म्हणत होते, मीही म्हणू लागलो. बिनसाखरेचा चहा आला. मी विचारलं, "मास्टर, तुम्ही सगळं पूर्ण का वाचता?" मला वाटलं, काहीतरी खोल उत्तर मिळेल.

"टाईम आहे, साहब," ते म्हणाले. "आता वर्द्या तयार मिळतात. माझ्याकडं येतात ते बटणं लावायला, नाहीतर कमर ढिली करायला. बैठे बैठे क्या करना?"

मग ते पुढं वाकून म्हणाले, "तुमची शुगर किती आहे आता?" मी सांगितलं, गोळ्या चालू आहेत, उतरते आहे.

"गोळ्या नक्को," मास्टर म्हणाले. "मलाही शुगर आहे, बारा साल से. पण गोळ्या मी सोडल्या. एक लिंक आली होती. जांभळाच्या बियांची पावडर, कारल्याचा रस आणि अजून एक पाला. चाळीस दिवसांत जडसे खतम. तुम्हाला पाठवतो."

"मास्टर, आणि तुम्ही यावर विश्वास ठेवलात?"

"साहब, मी मथळा बघून बोलत नाही," ते जरा दुखावून म्हणाले. "पूरी पढ़ी. शुरू से आखिर तक. खालच्या कॉमेंटपण वाचल्या, दोनशेच्या वर होत्या. सब को फायदा हुआ."

बोलता बोलता त्यांनी दोनदा सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा तो बाजूनं गेला होता. "डोळ्यांचा नंबर वाढलाय बहुतेक," ते म्हणाले.

त्यांना डॉक्टरांकडं न्यायला मला तीन चकरा माराव्या लागल्या. तिसऱ्या वेळी आले ते माझं मन मोडू नये म्हणून. त्यांची साखर माझ्यापेक्षा वर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या?" मास्टरांनी फोन पुढं केला. डॉक्टरांनी मथळा पाहिला आणि फोन परत दिला.

"उघडून तर बघा," मास्टर म्हणाले.

"गरज नाही," डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला लागले.

औषधं मीच घेतली. रिक्षात मास्टर तोंड फिरवून बसले होते. छावणीपर्यंत ते एकच वाक्य बोलले, "डॉक्टर लोग पढ़ते नहीं." मला दोन्ही बाजूंनी बोलता आलं असतं. दुकानापाशी उतरताना मी गोळ्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, पाकिटावरचा बारीक छापलेला कागद बाहेर काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि तिथंच उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली.