घोळक्याने फिरू नये

कोवे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी राग आला, रडू नंतर. छातीत कळा येत होत्या हे त्यांनी ना घरी सांगितलं, ना कॉलेजात. आदल्या संध्याकाळीही मुलांना बसथांब्यावर पोचवून आले आणि सकाळी चंद्रपूरच्या दवाखान्यात नेताना वाटेतच संपले. दीड महिना होऊन गेला, माझा राग उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पण आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. आता गोड बोलले तर त्यांनाच ते खरं वाटणार नाही.

ते गणिताचे, मी भूगोलाची. ते मोहर्लीकडच्या जंगलातल्या गोंड घरातले, गावातले पहिले पदवीधर. मी चंद्रपूरच्या शिंप्याची मुलगी. शिस्त समितीचे ते प्रमुख आणि मी सदस्य, म्हणजे त्यांनी नियम करायचे आणि मी डोकं आपटायचं. आमचं कॉलेज गावाबाहेर. फाटकापासून बसथांब्यापर्यंत दोन्ही अंगांना झुडपी जंगल आणि त्यात वाघाचा वावर. रस्त्यावर पाटी आहे: एकटे जाऊ नका, घोळक्याने जा, मोठ्याने बोलत जा. आणि फाटकाच्या आत कोवे सरांच्या नियमांची पाटी: विद्यार्थी-विद्यार्थिनींनी परिसरात अगर रस्त्यावर एकत्र घोळक्याने फिरू नये, मोठ्याने बोलू अगर हसू नये.

पोरांनी ऐकायचं कुणाचं, असं मी दर बैठकीत विचारायची. इतर सदस्य हसायचे. जंगलात वाढलेल्या माणसाला हे मी सांगायचं, याचीच मला चीड यायची. एकदाच त्यांनी नीट उत्तर दिलं.

"शमीमबाई, वाघ दिसला तं पोरगी दोन दिस घरी राह्यते. गावात बोभाटा झाला तं कायमची बसते."

खोटं नव्हतंच ते... आमच्या मोहल्ल्यातही तेच होतं. पण म्हणून मुलींनी एकेकटं त्या झुडपांतून जायचं?

मग रेखाचं झालं. रेखा दुसऱ्या वर्षाची, भूगोलात हुशार, घरच्यांशी झगडून आलेली. थांब्याच्या वाटेवर वाघाच्या पंजांचे ताजे ठसे दिसले म्हणून एके दिवशी सात-आठ मुलंमुली मिळून, मोठ्यानं गाणी म्हणत निघाली. सरांनी त्यांना रस्त्यातच गाठलं आणि सगळ्यांना आठवडाभर कॉलेजबंदी केली. मी ओरडले, विनवलं, प्राचार्यांकडे गेले. पालथ्या घड्यावर पाणी. आठवड्यानं बाकी सगळी परत आली. रेखा आली नाही. पोरांसोबत फिरत होती म्हणून कॉलेजनंच हाकललं, अशी गावात बातमी झाली होती. जो बोभाटा टाळायचा म्हणून नियम केला, तो त्या नियमानंच केला.

सर मला घेऊन तिच्या घरी गेले. तिच्या बापानं आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाला, "सर, तुमीच तिले घरी धाडलं. आता कोन्त्या तोंडानं न्याले आले?" सरांनी खूप समजावलं, गोंडीतून समजावलं, शेवटी हात जोडले. रेखा दारामागे उभी होती. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

त्यानंतर तरी ती ओळ खोडतील, असं मला वाटलं होतं. छे! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. रेखाच्या घरी जाऊन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेज सुटताना सर फाटकात उभे. मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला, मधे हे. प्राध्यापक सोबत असले की तो घोळका होत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. वाटभर ते बीएच्या घोड्यांकडून एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. उन्हातान्हात, पावसात, पुढे छाती दुखत असतानाही. पाटीवरची एक ओळ पुसायची सोडून हा माणूस रोज स्वतःच चालत राहिला. याला काय म्हणावं? मी तोंडावर मूर्खपणा म्हटलं होतं, आजही म्हणते. आणि तरी त्यांच्याइतकं त्या पोरींसाठी कुणी चाललं नाही, हेही म्हणते.

शोकसभेत सगळ्यांनी त्यांना शिस्तप्रिय म्हटलं. रेखाचं नाव कुणी काढलं नाही. आता तरी ती ओळ काढा, म्हणून मी प्राचार्यांकडे गेले, तर ते डोळे टिपत म्हणाले, "राहू द्या मॅडम. कोवे सरांची तेवढीच आठवण आहे."

म्हणजे माणूस गेला, आणि जे जायला हवं होतं ते स्मारक झालं.

आता कॉलेज सुटलं की फाटकाशी मी उभी असते. माझे गुडघे दुखतात, पाढे मला येत नाहीत. परवा पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं चालता चालता विचारलं, "मॅडम, तुमी सुट्टीवर असान तं आमच्यासंगं कोन येईन?"

मग मी कोवे सरांनाच शिव्या द्यायला लागले, थांबा येईपर्यंत, मोठ्यानं. त्या रस्त्यावर मोठ्यानंच बोलायचं असतं.