बोव्हेचं अर्धं चर्च आणि साडेबाराचं जेवण

शनिवार, ८ मार्च २०२५. रक्कम माणशी ३,२४० डॉलर, माझे आणि बाबांचे मिळून ६,४८०. हजर होते अमेरिकेत, एडिसनमध्ये आमच्या सहलीच्या संयोजकांच्या बेसमेंटमध्ये जमलेले अकराजण, संयोजक आणि त्यांची बायको धरून. चहा, ढोकळा आणि टीव्हीवर युरोपचा नकाशा. सहलीचं नाव होतं 'युरोपची ऐतिहासिक चर्चेस, दहा दिवस'. नाव वाचूनच मी पैसे भरले होते.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सार्वजनिक बांधकाम खात्यात पूल बांधत निवृत्त झाले. आता ग्रीन कार्डावर आमच्याकडे असतात. नोकरीच्या चौथ्या वर्षी त्यांच्या हाताखालची एक दगडी कमान आधार काढल्यावर तिसऱ्या दिवशी खचली. माणूस दगावला नाही, चौकशीत त्यांच्यावर ठपकाही आला नाही. पण तेव्हापासून पडलेल्या बांधकामांबद्दल मिळेल ते वाचायची त्यांना सवय लागली, आणि त्यातूनच फ्रान्समधलं बोव्हेचं कॅथेड्रल त्यांच्या आयुष्यात आलं.

ते मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की मलाही पाठ आहे. तेराव्या शतकात तिथल्या लोकांनी शेजारच्या सगळ्या गावांपेक्षा उंच छत करायचं ठरवलं. अठ्ठेचाळीस मीटर, म्हणजे साधारण सोळा मजले, सगळं दगडात. पुरं झाल्यावर बाराच वर्षांत, १२८४ मध्ये, त्यातलं बरंचसं कोसळलं. लोकांनी खांबांच्या मध्ये आणखी खांब घातले आणि छत पुन्हा तेवढ्याच उंचीवर नेलं. पुढे तीनशे वर्षांनी मधोमध एक प्रचंड मनोरा चढवला, तो चार वर्षांत पडला. मग पैसा संपला. लोक बसतात तो लांबलचक पुढचा भाग कधी बांधलाच गेला नाही. जे उभं आहे ते अर्धं चर्च आहे, आणि आत आजही लाकडी टेकू लावलेले आहेत. ते टेकू बाबांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते. दुसरं काहीही नको होतं.

बोव्हे आमच्या यादीत नव्हतं. पण मिलानजवळून आमचं जे स्वस्तातलं विमान होतं ते पॅरिसच्या नावाखाली बोव्हेच्याच विमानतळावर उतरत होतं. तिथून कॅथेड्रल चार-पाच किलोमीटर. बाबांनी नकाशावर बोट ठेवून एक तास मागितला.

संयोजक म्हणाले की विमान पावणेदहाला उतरतं, पॅरिस ऐंशी किलोमीटर, आणि तिथल्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये साडेबाराचं जेवण बुक आहे. ते कॅन्सल केलं तर डिपॉझिट जातं. माझ्या शेजारच्या एकाला सुचलं, "काका, एवढे पैसे देऊन पडकं चर्च बघायचं? जे नीट उभं आहे ते दाखवतायत की." दोघंतिघं हसले. बाबाही हसले, कारण ते पाहुण्यासारखं वागतात.

मी मात्र छापील कार्यक्रम उघडला. रात्री नाही, तिथेच, पेन्सिलने बेरीज केली. नावानिशी सात चर्चेस. त्यातल्या एकात प्रवेश, पंचवीस मिनिटं. उरलेल्या सहांपुढे 'फोटो स्टॉप'. फ्लॉरेन्सचा घुमट बाहेरून. मिलानचं कॅथेड्रल बाहेरून. आणि बसने भारतीय जेवणाला जाणं, जेवणं, परत येणं मिळून दहा दिवसांत एकतीस तास. मी हे आकडे मोठ्याने वाचले. चर्च म्हणजे आपल्या लोकांना फोटोमागचा पडदा वाटतो का, असंही विचारलं. आठशे वर्षांपूर्वी एकेक दगड दोराने वर चढवणाऱ्या लोकांच्या दारात उभं राहून आपण पाठ फिरवणार आणि पनीर खायला पळणार, हे मला सहन होत नव्हतं. माझा आवाज चढला होता. बायको सोबत आली असती तर तिने माझा गुडघा दाबला असता.

संयोजक शांतपणे उठले आणि एक फाइल घेऊन आले. "हा तुमचाच फॉर्म आहे ना? वाचतो. 'वडिलांना रोज दोन्ही वेळा वरण-भात लागतो, अन्यथा चालणार नाही.' आम्ही तुमच्या वडिलांसाठीच अॅडजस्ट करतोय, साहेब."

अक्षर माझं होतं. सही माझी होती. प्रवाशांच्या नऊ फॉर्मांपैकी सात तसेच होते, हे त्यांनी नंतर दाखवलं.

बाबांनी चष्मा काढून फॉर्म हातात घेतला.

"मला कुणी विचारलं होतं?" ते म्हणाले, माझ्याकडे बघून, संयोजकांकडे नाही. "साइटवर सहा-सहा महिने पाव आणि केळी खाऊन राहिलोय मी. तुझ्या जन्माआधी."

माझा राग गेला नाही. फक्त त्यातला मोठा वाटा माझ्याकडे वळला, आणि आजही तिथेच आहे. मुंबई-पुण्याहून आलेले आईवडील अमुक खाणार, तमुक सोसणार नाही, हे आम्ही मुलं एकमेकांत ठरवतो आणि त्यालाच काळजी म्हणतो.

संयोजकांनी मतं घेतली. आठ विरुद्ध तीन, जेवण जिंकलं. तिसरं मत त्यांच्या बायकोचं होतं. मग मी सांगितलं की बोव्हेला आम्ही दोघं मागे राहू आणि रेल्वेने पॅरिसला येऊ. त्यांनी आमच्याकडून जबाबदारी आमची, असं लिहून घेतलं. चुकलेल्या जेवणाचे पैसे परत मिळणार नाहीत, हेही त्यात घातलं.

मे महिन्यात तसंच झालं. बस गेली, आम्ही टॅक्सी केली. बाबा आत दोन तास दहा मिनिटं होते. आधी छताकडे बघितलं, मग मागाहून घातलेले खांब मोजले, आणि शेवटी लाकडी टेकूंजवळ खुर्ची ओढून बसले.

"लपवलेले नाहीत," ते म्हणाले. "सगळ्यांच्या समोर लावलेत."

दारासमोरच्या पावाच्या दुकानातून मी दोन पाव आणि चीज आणलं. बाबांनी ते बाहेरच्या पायरीवर बसून खाल्लं.

शेवटी दिलेले पैसे: टॅक्सीवाल्याला बावीस युरो, रेल्वेला दोघांचे एकतीस, पाववाल्या बाईंना अकरा. प्रवेशाला काही पडत नाही. देखभालीच्या पेटीत बाबांनी स्वतःच्या पाकिटातून पन्नास टाकले. संयोजकांना चुकलेल्या जेवणाचे दोघांचे बेचाळीस डॉलर, जे सहलीच्या रकमेतच त्यांच्याकडे गेलेले होते.