खिडकीला बांधलेला रबरी पट्टा

डॉक्टरांनी डंबेल बंद करून खांद्यासाठी हिरवा रबरी पट्टा दिला. डंबेल आता बायकोच्या पनीरवर वजन म्हणून बसतात. परवा उत्साहात मी पट्टा भिंतीतल्या खिळ्याला बांधून ओढला, तर खिळाच उपटून कपाळावर आला.

"अहो, खांद्याचं राहू द्या, आधी डोकं सांभाळा," बायको म्हणाली.

आता खिडकीच्या गजाला बांधतो. पट्टा कितीही ताणा, सोडला की होता तेवढाच होतो. माणसाच्या हाताला ते जमत नाही. तो एकदा मागे हटला की हटलाच. नातीला पुन्हा उचलून घ्यावं, एवढ्यासाठी ही सगळी ओढाताण. काल ती हात वर करून समोर आली, तेव्हा मीच खाली बसलो. आज आली ती हात वर न करताच शेजारी बसली.