गालावरची तीट

खोटं बोलणं ममताला कधी जमलंच नाही, आणि मुलाखतीला जाताना नेमकं तेच करायचं ठरलं होतं.

ममता कोरीटच्या भिल्ल घरातली सून. वनस्पतिशास्त्रात पीएचडी केलेली, मिरचीवरच्या बुरशीत डोकं घालून बसणारी. पण आधीच्या दोन कॉलेजांत बुरशीचं नावही निघालं नाही. एकीकडे आडनाव वाचून साहेब म्हणाले, "ही खुली जागा आहे, राखीव नाही. माहीत आहे ना?" दुसरीकडे विचारलं, "बाळ तान्हं आहे, कसं जमेल?" घ्या, म्हणजे इतकी वर्षं डोळे फोडले ते पाण्यातच. आता नंदुरबारची ही तिसरी मुलाखत. हीही गेली तर सासूबरोबर मिरचीचे देठ खुडायला बसायचं, हे घरात ठरल्यातच जमा होतं.

सासू दगूबाईने रिक्षातच मांडीवरच्या नातीकडे बोट दाखवून बजावलं, "पोरनं नावच काढू नको." मंगळसूत्र पर्समध्ये गेलं. कॉलेजच्या आवारात निंबाखाली ममताने लेकीला घाईघाईने पाजलं, गालाला गाल लावला, तिला आजीकडे दिलं आणि आत गेली.

आत चौघे होते. मधले गृहस्थ तिच्याकडे बघतच राहिले.

"गालाला काय लागलंय?"

तिने बोट फिरवलं. काळं. दगूबाईने नातीला लावलेली काजळाची तीट तिच्या गालावर उतरली होती. शाई आहे म्हणावं, तर जीभ उचलेना.

"लेकीचं काजळ आहे," ती म्हणाली. झालं, बुडालं सगळं, असंच तिला वाटलं.

"म्हणजे मूल लहान आहे. मग..."

"मघाच्या उमेदवारालाही तान्हा मुलगा आहे," टोकाला बसलेल्या तज्ज्ञ प्रतिभा मॅडम मध्येच म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं तेव्हा आपण पेढे मागितले. हे नाही विचारलं." मग त्या ममताकडे वळल्या. "ममता, तुमची बुरशी सांगा."

मग काय विचारता! ती फळ्यापाशी गेली आणि बोलतच सुटली. मध्येच अहिराणी निसटली, तीही तिने सावरली नाही. छातीवरचा धोंडा उतरला होता, जागा मिळो न मिळो.

जागा मिळाली. रुजू व्हायच्या दिवशी ममता गळ्यात मंगळसूत्र घालून निघाली, तर दगूबाई काजळाची डबी घेऊन दारात आडवी.

"मन्ही तीट कामले उनी ना?" आपली तीट कामाला आल्याच्या तोऱ्यात तिने बोट बुडवलं आणि नातीला सोडून सुनेच्याच गालाला लावलं.

ममता ती न पुसता वर्गात गेली.