डेक मोकळा करा

रेलीन हॅस्केटनं उभ्या आयुष्यात कुणाला ‘सॉरी’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, आणि कुणाचं वाईट केलेलंही पाहिलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या मूना भागात टायरच्या दुकानावर आमची एक खोली आहे. अकरा जणांनी मिळून भाड्यानं घेतलेली, सगळे गेम बनवणारे. मी एकटीच बनवत नाही, बाकीच्यांच्या गेममधल्या चुका काढते. माझा नवरा म्हणतो, हे काम तुला देवानंच नेमून दिलंय. म्हणू दे.

रेलीनचं टेबल माझ्या शेजारी. बाई अंगानं दांडगी, केस कायम मागे बांधलेले, आणि हात असे की माऊस तिच्या मुठीत दिसेनासा व्हायचा. वीस वर्षं बेटाच्या फेरीवर, म्हणजे गाड्या-माणसं पलीकडे नेणाऱ्या बोटीवर, दोर ओढण्यात गेली होती. त्याच बोटीवर तिचा बाप, क्लेम, स्किपर, म्हणजे कप्तान. मग पाठीचा मणका सरकला, डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली, आणि ही बया पंचेचाळिसाव्या वर्षी घरात जमिनीवर उताणी पडून, छातीवर लॅपटॉप ठेवून गेम बनवायला शिकली. का, तर म्हणे कंटाळा आला होता.

तिनं एकच गेम बनवला, ‘बेटाची फेरी’. त्यात काय करायचं? सकाळी रिकामी बोट. गाड्या चढवायच्या, पलीकडे न्यायच्या, उतरवायच्या, परत यायचं. कुणी हरत नाही, कुणी जिंकत नाही, पैसे साठत नाहीत. एखादी आजी कोंबड्या घेऊन चढते, कुणाचा कुत्रा डेकवर झोपतो. संध्याकाळ झाली की क्लेमचा खराखुरा आवाज येतो, “चला, डेक मोकळा करा. घरी जा.” संपला गेम. उद्या सकाळी परत रिकामी बोट.

मी पहिल्यांदा खेळून पाहिला तेव्हा स्पष्ट सांगितलं, “रेलीन, हे कुत्रंसुद्धा खेळणार नाही.”

“कुत्रा आहे की आत. झोपलाय,” ती म्हणाली.

मी सपशेल तोंडघशी पडले. गेम लोकांना आवडला. फार नाही, आठेक हजार माणसं, पण रोज खेळणारी. गेम फुकट होता, आवडला तर चहापुरते पैसे टाका, एवढंच. त्यात तिचं भागायचं.

आता ते वाक्य. खऱ्या फेरीवर दिवसाची शेवटची खेप झाली की डेकवर काही म्हणजे काही ठेवत नाहीत. गाडी नाही, पेटी नाही, दोराचा तुकडा नाही. आणि समजा एखादी गाडी बंद पडून डेकवरच राहिली, तर एका माणसानं पहाटेपर्यंत बोटीवर जागं राहायचं. डेक मोकळा, नाहीतर पहारा. तिसरा प्रकार नाही. क्लेमनं चाळीस वर्षं हेच वाक्य रोज म्हटलं होतं, म्हणून रेलीननं ते गेममध्ये घातलं. तिला वाटलं, यात न कळण्यासारखं काय आहे?

पण खेळणाऱ्यांनी कुठे बोटीवर नोकरी केली होती? कुणीतरी ते वाक्य ऐकलं आणि डेक मोकळा करायचा म्हणून अख्खा गेमच फोनवरून काढून टाकला. सकाळी परत डाउनलोड करून उतरवून घेतला. गेममध्ये साठवण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे काही बिघडलं नाही. त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. बघता बघता ती रीतच पडली. रात्री काढायचा, सकाळी घालायचा. लोक पत्रं लिहायचे, की दिवस संपल्यासारखा वाटतो, बरं वाटतं. खेळणारे आठ हजार आणि गेम उतरवल्याचा आकडा एकोणीस लाख! आम्ही पोट धरून हसायचो.

क्लेमही त्यातलाच. आता तो ब्याऐंशी वर्षांचा, वृद्धाश्रमात. विसरायला लागला होता. जेवला की नाही ते विसरायचा, बायको गेली ते विसरायचा, पण संध्याकाळी टॅब्लेटवरचा गेम काढून टाकायला कधी विसरला नाही. तिथे लोसा नावाची फिजीची बाई त्याची देखभाल करायची. ती सकाळी टोस्ट आणायची आणि गेम परत घालून द्यायची. “स्किपर, बोट लागलीय धक्क्याला,” असं म्हणायची. तो टोपी घालायचा.

असं सगळं छान चाललेलं असताना एका बुधवारी सकाळी इंजिनवाल्यांचं पत्र आलं.

हे इंजिन म्हणजे गेमच्या आतली तयार यंत्रणा. बोट पाण्यावर कशी डुलावी, सावली कुठे पडावी, हे सगळं तीच बघते. आमच्या खोलीतले नऊ जण त्याच कंपनीच्या इंजिनावर होते. आणि कंपनी आता म्हणत होती, की एक जानेवारीपासून तुमचा गेम कुणाच्याही फोनवर उतरला की दर वेळी आम्हाला बारा सेंट द्या. लाखाच्या वर वेळा उतरलेल्या सगळ्या गेमना लागू. जुन्यांनाही.

खोलीत जो गोंधळ उडाला तो विचारू नका. पलीकडच्या टेबलावरचा ऑर्लँडो, एरवी मुंगीलाही वाट देणारा मुलगा, त्यानं अशा शिव्या घातल्या की खालचा टायरवाला वर बघायला आला. माझं तर डोकंच फिरलं. घर भाड्यानं द्यायचं, आणि माणूस राहायला लागला की दार उघडल्याचे पैसे मागायचे? ही कुठली रीत?

 रेलीननं मात्र कंपनीला एका ओळीचं पत्र लिहिलं, ‘एकाच माणसानं गेम काढून परत घातला तर?’ दोन दिवसांनी उत्तर आलं, की तरीही दर वेळी. त्या उत्तराचा फोटो ऑर्लँडोनं सगळीकडे पाठवला, आणि जगभरच्या गेमवाल्यांनी कंपनीला धारेवर धरलं. कुणी आपल्या गेममधल्या कंपनीच्या जाहिराती बंद केल्या, कुणी अर्धा झालेला गेम थांबवला, हजारोंनी सह्या केल्या. आमच्या खिडकीतसुद्धा फलक लागला. पण फलकानं एक जानेवारी थांबते थोडीच?

“मर्डूला, गेम बाजारातूनच काढून घ्यावा लागेल. रोज हजारो वेळा बारा सेंट कुठून देऊ?” रेलीन म्हणाली. माझं नाव तिला कधी नीट घेता आलं नाही. मृदुलाचं ती ‘मर्डूला’ करायची, आणि मला त्याची सवय झाली होती.

“वेडी आहेस का? ते एक वाक्य काढ ना! लोक रोज गेम काढणं थांबवतील. प्रश्न मिटला.”

“ते डॅडचं वाक्य आहे.”

“मग दुसरं बोलून घे त्याच्याकडून.”

माझ्या तोंडून हे निघून गेलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मला माझीच लाज वाटली. क्लेमला आता चार शब्द सलग बोलता यायचे नाहीत. आवाज चिरका झाला होता. तो जुना, धक्क्यापर्यंत ऐकू जाणारा आवाज आता फक्त त्या गेममध्ये उरला होता.

रविवारी ती त्याला विचारायला गेली. हो, विचारायला. त्याला उद्या काही आठवणार नाही हे माहीत असूनही. मला गाडी चालवायला सोबत नेलं, पाठ दुखत होती म्हणून. क्लेम खिडकीशी बसला होता, मांडीवर टॅब्लेट.

“डॅड, तुझं ते वाक्य काढावं लागतंय.”

“कुठलं?”

“डेक मोकळा करा.”

“का? डेक मोकळा नको?”

“तू रोज डेक मोकळा करतोस ना, त्याचा भुर्दंड मला पडणार आहे. दर वेळी. तुझा, सगळ्यांचा.”

क्लेमनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बिस्किट आहे का गं?” तिनं बिस्किट दिलं. तो खात राहिला. गाडीत ती मला म्हणाली, “त्याला काही कळलं नाही. बरंच झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लोसाचा फोन आला. ती रडत होती की हसत होती ते कळेना. क्लेमनं आदल्या संध्याकाळी गेम काढलाच नव्हता. पलंगावर आडवं व्हायलाही नकार दिला होता. टोपी घालून, टॅब्लेट मांडीवर घेऊन खुर्चीत ताठ बसला होता. रात्रपाळीवाल्यानं विनवलं, दटावलं, तो हलेना. म्हणे, “डेक भरलेला आहे. माणूस लागतं.”

आम्ही पोचलो तेव्हाही तो तसाच बसलेला. डोळे लाल, मान कलंडतेय, पण दोन्ही हात टॅब्लेटवर घट्ट.

“डॅड, हे काय केलंस?”

“मोकळा केला तर तुला भुर्दंड पडतो,” तो म्हणाला. “मग कुणी बसायचं? मीच की.”

बायको गेलेली त्याच्या लक्षात राहत नव्हती हो! आणि हे राहिलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, दुसरं काय करणार. रेलीननं त्याच्या डोक्यावरची टोपी काढली, स्वतःच्या डोक्यावर घातली आणि म्हणाली, “पहारा माझा, स्किपर. तू उतर.” तेव्हा कुठे त्यानं हात सोडले. पाच मिनिटांत झोपला.

पुढल्याच आठवड्यात कंपनी नरमली. माफी मागितली. जुने गेम वगळले, परत उतरवण्याचे पैसे नाहीत, चुकलं आमचं. आमच्या खोलीत दुपारीच बिअर उघडली, ऑर्लँडो खुर्चीवर चढून नाचला. रेलीन तडक वृद्धाश्रमात गेली.

“डॅड, त्यांनी माघार घेतली. कर आता डेक मोकळा.”

“लेखी दिलंय?”

“हो, लेखी.”

“पहिलं ठरलेलं पण लेखीच होतं ना?”

रेलीन परत आली ती तशीच टेबलाशी बसली, आणि कंपनीचं इंजिन सोडायचं म्हणाली. दुसरं एक इंजिन होतं, कुणाच्याच मालकीचं नसलेलं, जगभरच्या लोकांनी मिळून चालवलेलं. त्यावर सगळा गेम पहिल्यापासून उभा करायचा.

“अगं पण आता गरज काय?” मी ओरडलेच. “जिंकलो ना आपण!”

“बोटीवर गाड्या चढत असताना ज्यानं दोर सोडला,” ती म्हणाली, “त्याला आम्ही परत दोराजवळ उभं करत नव्हतो. माफी मागितली तरी. स्वयंपाकघरात पाठवायचो.”

आठ महिने लागले. पाठ जास्तच दुखायला लागली की ती जमिनीवर आडवी पडून काम करायची, आम्ही तिला ओलांडून जायचो. मी तिच्या चारशे अकरा चुका काढल्या. एकदा कोंबड्या पाण्यावरून चालत गेल्या, एकदा बोट डोंगरात घुसली. आणि त्या आठ महिन्यांत क्लेमनं एकदाही डेक मोकळा केला नाही. रोज संध्याकाळी लोसाला किंवा जो कामावर असेल त्याला त्याची टोपी घालून म्हणावं लागायचं, “पहारा माझा, स्किपर.” नाहीतर गडी झोपायचा नाही.

नवा गेम तयार झाला त्या दिवशीही मी बरोबर होते. क्लेम फार वाळला होता. रेलीननं टॅब्लेटवर नवा गेम घालून त्याच्या हातात दिला. तो तिच्याकडे बघत राहिला.

“तू नवीन का गं? दोर ओढता येतो?”

तिचा चेहरा क्षणभर पडला. मग ती खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली.

“येतो, स्किपर. तुम्ही सांगाल तसं करीन.”

बापाला ‘तुम्ही’ म्हणताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यानं दिवसभराच्या खेपा केल्या. बोट डुलली, कोंबड्या नीट उतरल्या, कुत्रा झोपला. संध्याकाळ झाली आणि आवाज आला, दणदणीत, “चला, डेक मोकळा करा. घरी जा.”

क्लेमनं कान टवकारले. “कोण हा? बरोबर बोलतोय.”

“हो ना. मग करायचा मोकळा?”

“छे!” त्यानं टॅब्लेट छातीशी धरला. “तू नवीन आहेस, तुला माहीत नाही. माझ्या पोरीला भुर्दंड पडतो.”

रेलीन त्याच्या आणखी जवळ सरकली.

“आता नाही पडत, स्किपर. तुमच्या पोरीनं स्वतःची बोट बांधली.”

“रेलीननं?”

“हो.”

“एकटीनं?”

“एकटीनं. पाठ दुखत असताना.”

“तिची पाठ दुखते,” तो मला म्हणाला, जणू ही गोष्ट मला कुणीतरी सांगायलाच हवी होती. मग त्यानं टॅब्लेट खाली घेतला, बोट लावलं, आणि आठ महिन्यांनी गेम काढून टाकला. रिकाम्या पडद्यावरून एकदा हात फिरवला, सगळं उतरलंय ना हे पाहिल्यासारखा.

“झालं,” तो म्हणाला, आणि रेलीनच्या खांद्यावर थोपटलं. “जा पोरी आता घरी. वाट बघत असतील तुझी.”