पंख्याआडचं बोलणं

“जेवणाऱ्याचं तोंड बघितलं की हाताचं मीठ चुकतं,” सेवनम्माल म्हणायची. म्हणूनच लुमुत बंदराच्या धक्क्याजवळच्या घरच्या खाणावळीत उभी हयात काढूनही ती कधी बाहेरच्या बाकावर बसली नव्हती. बाहेरचं सगळं दिराकडे, मुनियांडीकडे. तिच्याकडे भिंतीमागच्या चुली, मासे, आणि धूर ओढणारा एक अजस्र पंखा. तो सुरू झाला की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे.

त्या पंख्यावर तिचा जीव होता. त्याच्या घरघरीत ती नवऱ्याशी बोलायची.

नवरा समुद्रात बुडाला, असं सगळे धरून चालले होते. रिकामी होडी सापडली, सासूने ऊर बडवून घेतला, दिवसकार्य झालं, सेवनम्मालचं कुंकू पुसलं गेलं. पुढे एका खलाशाने तिला एकटीला गाठून सांगितलं, की तो जिवंत आहे, सीमेपलीकडच्या देशात, सातून गावात. दुसरी बायको आहे, तिच्या कडेवर पोर आहे. तिने खलाशाला पोटभर जेवू घातलं आणि शपथ घातली. पळून गेलेल्याच्या मुलीला कोण करून घेणार? बुडालेल्याच्या मुलीची निदान दया तरी येते. लेक तामरै इपोह शहरात सुखाने नांदत होती ती त्या बुडण्याच्या जोरावर.

पण आत किती कोंडायचं? फोडणी पडली की ती सुरू व्हायची. “मेल्या, तुझ्या नावाने पांढरं नेसते मी, आणि तू सातूनला तिच्या हातचे मासे गिळतोस! काटा अडकू दे घशात!”

मग ओल्या फरशीवर पडून तिचं डावं मनगट मोडलं. चुलीपाशी मुनियांडीची सून कोकिला उभी राहिली.

“वहिनी, आज बाहेर बस,” मुनियांडी म्हणाला. “राणीसारखी पानावर जेव.”

ती संकोचत बसली. केळीचं पान आलं, भात आला, माशाचा रस्सा आला. समोर फेरीबोटीवरून निवृत्त झालेला सिन्नप्पन जेवत होता.

“अक्का, तुम्ही जेवताही होय? मला वाटलं नुसत्या वासावर जगता!”

चार माणसं हसली. तीही हसली. तेवढ्यात आतून कोकिलाची स्वतःशीच चाललेली बडबड ऐकू आली, “बसली म्हातारी सिंहासनावर! आता बघ, माझ्या रश्श्यात शंभर चुका काढेल.”

सेवनम्मालचा घास हातात राहिला. पंखा चालू होता. पण इथे त्याची घरघर दूरच्या लाटेएवढीच होती, आणि शब्द पानावर वाढल्यासारखे समोर येऊन पडत होते.

कुणी मान वळवली नाही. मुनियांडीने न बघताच गल्ल्यावरच्या रेडिओचा आवाज वाढवला. त्या हाताला किती सवय होती! रोज दुपारी ती मोठमोठ्याने वाजणारी गाणी... ती समजायची, दिराला नाद आहे.

“मुनियांडी, रेडिओ बंद कर.”

त्याने बंद केला.

“सगळं ऐकू येतं?”

तो फडक्याची घडी घालू लागला. शेवटी सिन्नप्पन बोलला. “मनाला लावून घेऊ नका, अक्का. सातूनचं तर माझ्या बायकोलाही पाठ आहे.”

“तामरैला बघायला आले, ते इथेच जेवले होते,” सेवनम्माल म्हणाली.

“ऐकलं की त्यांनीही,” सिन्नप्पन म्हणाला. “व्याही म्हणाले, बाईच्या हाताला तिखट आहे. आणि भात मागून घेतला.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि खोकल्यात लपवलं.

“मला कुणी सांगितलं का नाही?”

“कसं सांगणार, वहिनी?” मुनियांडी कौतुकानेच म्हणाला. “तू शिव्या घालतेस त्या दिवशीचा रस्सा काही औरच असतो. गिऱ्हाईक आधी विचारतं, आज अक्का तापल्यात का?”

तिने एकेका तोंडाकडे पाहिलं. ओळखीची, तुकतुकीत, पोट भरलेली तोंडं. म्हणजे तो सगळ्यांसाठी जिवंतच होता. ही सगळी माणसं तिला दारात पांढऱ्या साडीत बघत होती, आदराने वाट देत होती, आणि आत येऊन तिच्या तळतळाटाबरोबर भात कालवत होती. गावात मेलेलं कुणीच नव्हतं. विधवा तेवढी ती एकटी होती.

रस्सा भातातून फुटून पानाच्या कडेकडे निघाला. तिने तो अडवला नाही. ती उठली. हात उष्टाच होता. बाकांमधून सरळ चालत, कुणाकडे न बघता ती धक्क्याकडच्या उन्हात निघून गेली.