लगद्याची टोपली

थोरल्या जाऊबाईंनी घरी केलेली नवी टोपली गच्चीत वाळत ठेवली होती. वरून चिकटवलेल्या कागदावर एक ओळ दिसली, ‘स्टेशनवर तो अजून उभाच होता.’ ओळ माझ्या ओळखीची होती. लहान गावांतल्या प्रेमाच्या माझ्या साऱ्या कादंबऱ्या त्यांनी लगद्यासाठी भिजवून, मेथी घालून कुटल्या होत्या.

“वहिनी, माझी पुस्तकं?”

“वाचून झाली होती ना? घरात टोपली तरी आली,” त्या हसत म्हणाल्या.

त्या कादंबऱ्यांत शेवटी सगळे एकमेकांना क्षमा करतात आणि मी दर वेळी रडते. पण तिथे हरवलेलं सगळं परत मिळालेलं असतं. मग क्षमा करायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचा लग्नातला शालू काढला, त्याच्या पट्ट्या कापल्या, वेण्या घालून गोल शिवल्या. पायपुसणं छान जाड झालं. ते त्यांच्याच दारात टाकलं.

त्या बाहेर आल्या, खाली बसून जरीवरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दया येईल म्हणून मी जरा थांबले. आली नाही. मग आत जाऊन चहा टाकला, माझ्यापुरता.